दोरा बांधलेली बाटली

बैलाच्या कानाला हात लावला तर तो फार तर मान झटकतो. मांजराच्या कानाला लावून बघा! माझ्या दोन्ही मनगटांवर अजून पांढऱ्या रेघा आहेत. आमची भाजीवाली त्या बघून विचारते, "मावशी, बांगडी फुटली होती काय?" मी हो म्हणते. कुठे तिला सगळं सांगत बसायचं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी परिचर म्हणून बावीस वर्षं काढली, सगळी नाशकातच. परिचर म्हणजे झाडलोट, पाणी भरणं, सुया उकळणं, जनावर धरणं आणि साहेबांचा चहा. ही जागा मूळची माझ्या यजमानांची. एकोणीसशे नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास ते अचानक गेले, पदरात दोन लहान पोरं, आणि अनुकंपेवर मला त्यांच्या जागी घेतलं. पहिल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाहेर लाकडी खोड्यात एक वळू फुसफुसत होता, आणि इकडे मी, चाळीस किलोची बाई. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही असं करा, मांजर-कुत्रं आलं की तेवढं बघत जा." त्यांना वाटलं, बाईला सोपं काम दिलं. डोंबलाचं सोपं!

शिकवलं मला साहेबरावदादांनी. ते आमचे ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारे. सरकारी कागदावर त्यांच्या हुद्द्याचं नाव 'व्रणोपचारक' असं होतं आणि ते त्यांना स्वतःला कधी धड म्हणता आलं नाही. पण हात असा की मारकी म्हैससुद्धा त्यांच्यापुढे गप्प उभी राहायची. ते म्हणायचे, "बाई, बैलाला जोर लागतो, मांजराला सबूर लागते. तुम्ही जोर लावला की ते दुप्पट लावतं."

या अंकासाठी माझ्याकडे एकच पान मागितलं होतं. मांजराचा कान घरच्या घरी कसा साफ करावा, एवढंच. ते मी सांगणारच आहे. पण एका पानात ते बसत नाही, कारण एक कान माझ्या हातून बिघडलेला आहे. तो सांगितल्याशिवाय दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही असं मला वाटतं.

आधी कान समजून घ्या. मांजराचा कान म्हणजे सरळ भोक नव्हे. ते आधी खाली उतरतं, मग आतल्या अंगाला वळतं, आणि त्या वळणापलीकडे पडदा असतो. म्हणून काडी, हेअरपिन, कापूस गुंडाळलेली काडी, काहीही आत घातलं तरी मळ निघत नाही, उलट वळणाशी ठासून बसतो. चांगला कान आतून फिकट गुलाबी असतो आणि त्याला वास नसतो. अशा कानाला हातच लावू नका, मांजर आपलं आपण बघून घेतं. आत चहाच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं आणि मांजर सारखं खाजवत असलं, तर बहुतेक बारीक किडे असतात. त्यांचं औषध डॉक्टर देतात. आपण फक्त मळ काढायचा, तोसुद्धा डॉक्टरांनी एकदा आत बघितल्यावर. आणि पू येत असेल, घाण वास मारत असेल, मांजर मान एका बाजूला कलती धरत असेल, तर घरी काही म्हणजे काही घालायचं नाही. उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता इतकं सोपं असताना लोक काय करायचे बघा. घोटीच्या बाजूची एक आजी भाताच्या गोणीतून मांजर घेऊन आली. हवेसाठी गोणीला भोकं पाडलेली आणि त्यातल्या एका भोकातून एक पंजा बाहेर. म्हणाली, "लय कान खाजवती वं बाई. म्या काय नाय केलं, नुसतं कापूर घातलेलं तेल सोडलं. आमच्या नातवाला गुण आला व्हता." मांजराच्या तोंडाला फेस आणि अंग थरथर कापतंय. माणसाला चालतं ते मांजराला चालत नाही, आणि कापूर तर त्याला विषच. नशिबानं ते वाचलं. निघताना आजी दारातून मागे वळली आणि मला म्हणाली, "मंग आता तूप सोडू का?" मी कपाळावर हात मारून घेतला.

सगळी वाचली नाहीत. चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी होता, चांगला धिप्पाड गडी. त्याच्या कांदे साठवायच्या चाळीत उंदीर फार, म्हणून मांजर पाळलेलं, आणि त्या मांजराच्या कानात जखम होऊन अळ्या पडल्या. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की फिनेल ओततात, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्यानं कानात फिनेल ओतलं. मांजर आमच्या टेबलावरच गेलं. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून लहान पोरासारखा रडला. "मी तर बरं करायला गेलो होतो हो, बाई," एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्यानंतर माझी जीभ तिखट झाली. कोणी मांजर घेऊन आलं की मी आधीच दम भरायची, "डोकं घरी ठेवायचं. मी सांगते तेवढंच करायचं. शंका काढायची नाही." शिकलेली माणसंसुद्धा मान डोलवायची. बँकेतले एक साहेब तर माझं बोलणं वहीत लिहून घ्यायचे. डॉक्टरसाहेब हसून म्हणायचे, "बाईंचं ऐका, मी पण ऐकतो." मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, माज म्हटलंत तरी चालेल.

आणखी एक पद्धत सांगायला हवी. पातळ औषध न्यायचं असलं की बाटली घरून आणायची. सरकारकडून औषध यायचं, बाटल्या यायच्या नाहीत. लोक काय काय आणायचे! केसांच्या तेलाची, खोकल्याच्या औषधाची, एकानं तर दारूची चपटी आणली होती, वास मारत असलेली. त्यात मी मोठ्या कॅनमधून औषध ओतून द्यायची. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही. कशाचं औषध, किती आणि कधी, सगळं तोंडी.

दोन हजार सालच्या पुढेमागे एका सकाळी नारायणकाका आले. डोळ्यांना काळा चष्मा, एका हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं मांजराचं डोकं. गल्लीतला रिक्षावाला त्यांना दारापर्यंत सोडून गेला. काका पंचवटीतले टेलर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे सदरे-लेंगे शिवले, मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. दोन वर्षांमागे बायको गेली. लेक नांदगावला दिलेली. ती 'आमच्याकडे चला' म्हणून सारखी मागे लागलेली, आणि काका काही जात नव्हते, कारण लेकीच्या घरी मांजर चालत नव्हतं.

"ठमी आमच्या हिची," ते म्हणाले. "ही हाक मारायची आणि ठमी ओ द्यायची. अजून देते. ऐका." त्यांनी पिशवीकडे तोंड करून हाक मारली, "ठमे!" पिशवीतून लगेच, "म्यँव." बाहेर गुरं घेऊन बसलेले शेतकरीसुद्धा हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "मला दिसत नाही, बाई. पलंगावरून हाक मारली की ती जिथे असेल तिथून बोलते. खिडकीत आहे, शेगडीपाशी आहे, मला कळतं. दिवसातून पन्नासदा हाक मारतो मी. घरात कोणीतरी आहे एवढं कळलं की पुरतं."

ठमी तीन रंगांची, वयानं पोक्त, स्वभावानं गरीब. कानात किडे झाले होते, आणि कुठल्याशा बोक्यानं पाठीवर चावून गळू आणलं होतं. साहेबांनी कानात बॅटरी मारून बघितलं, मग गळू फोडलं आणि मला म्हणाले, "बाई, यांना दोन्ही शिकवा." म्हणजे कान साफ करायचा आणि पाठ धुवायची.

आंधळ्या माणसाला कान साफ करायला शिकवायचं, मला वाटलं आज दुपार जाते. पण काय सांगू, काकांइतका चांगला विद्यार्थी मला कधी मिळाला नाही. डोळे असलेली माणसं घाई करतात, आत डोकावतात, अजून थोडं अजून थोडं करत खोल जातात. काकांची बोटं चाळीस वर्षं कापडावर चाललेली. टॉवेल पसरून ठमीला मधे बसवायचं, दोन्ही बाजूंनी टॉवेल अंगावर ओढून पंजे आत घ्यायचे, फक्त डोकं बाहेर ठेवायचं. कापड गुंडाळणं त्यांना काय शिकवायचं? बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण थंड थेंब पडला की मांजर उधळतं. कानाची पाळी हलकेच वर धरून पाच-सहा थेंब सोडायचे. मग कानाच्या मुळाशी बाहेरूनच चोळायचं, आत चुळुकचुळुक आवाज येईपर्यंत. मग सोडून द्यायचं, मांजर डोकं झटकतं आणि मळ आपोआप वर येतो. तो बोटाला कापूस गुंडाळून पुसायचा. बोट जाईल तेवढंच, पुढे नाही. काकांनी पहिल्या खेपेत बरोबर केलं. ठमी टॉवेलात चक्क घुरघुरत होती.

मग औषधं द्यायची वेळ आली. काकांनी दोन बाटल्या आणल्या होत्या, खोकल्याच्या औषधाच्या, उकळून धुतलेल्या, दोन्ही अगदी सारख्या. एकीत कानाचं तेल. हे तेल म्हणजे बद्धकोष्ठाच्या गुरांना पाजायला आमच्याकडे असायचं ते, बिनवासाचं आणि निरुपद्रवी. दुसरीत पाठीची जखम धुवायचं जंतुनाशक. त्याला उग्र वास, आणि कातडीला ते चालतं पण कानात जाता कामा नये, कारण पडद्याला बारीकसं भोक असलं तरी ते आत उतरतं आणि ऐकण्याची शीरच मारतं.

"ओळखू कसं?" काका म्हणाले. मग स्वतःच खिशातून दोऱ्याचं रीळ काढून म्हणाले, "दोरा बांधा, बाई. दोरा माझ्या बोटांना लगेच सापडतो." चार वर्षं मशीन बंद होतं आणि तरी माणसाच्या खिशात रीळ!

नेमका त्याच वेळी फाटकातून टेम्पो आत आला. म्हशीचं पोट फुगलेलं, जीभ बाहेर, मालक ओरडतोय, साहेब ओरडतायत, "बाई, नळी आणा, नळी!" मी दोन कॅनमधून दोन्ही बाटल्या भरल्या, बुचं लावली, एकीच्या मानेला दोऱ्याचे तीन वेढे दिले आणि दातानं दोरा तोडला. काकांच्या हातात दोन्ही देऊन म्हणाले, "दोरा म्हणजे कान. दोरा नाही ती पाठ. दिवसाआड, चार वेळा. आणि काका, शंका काढायची नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," काका म्हणाले. म्हैस वाचली त्या दिवशी. मी खुशीत घरी गेले.

आठ-नऊ दिवसांनी काका परत आले. रिक्षातून उतरतानाच म्हणाले, "बाई, ठमी ओ देईना."

मी ठमीला टेबलावर ठेवलं. ती एका बाजूला कलून चालत होती. साहेबांनी तिच्या मागे टाळी वाजवली. काही नाही. मग त्यांनी स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. बाहेर बांधलेली दोन कुत्री भुंकायला लागली, खोड्यातली गाय दचकली, मी स्वतः दचकले. ठमी पंजा चाटत बसली होती.

साहेब म्हणाले, "जंतू आतपर्यंत पसरले असणार. वयही झालंय तिचं." मग सहज विचारलं, "कानात काय घातलंत?"

"बाईंनी दिलेलं," काका म्हणाले आणि पिशवीतून दोरा बांधलेली बाटली पुढे केली. मी ती घेतली. बूच काढायचीसुद्धा गरज नव्हती, बुचाच्या कडेला वास होता. उग्र वास.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नेहमीचंच तेल ना, बाई?"

मी म्हणाले, "हो."

बस, एवढंच. पुढचं काही सुचायच्या आत ते तोंडातून गेलं होतं. मनात काय काय येऊन गेलं त्या क्षणात. अनुकंपेची नोकरी, धाकट्याची शाळा, चौकशी, लेखी खुलासा. मी काकांकडून दुसरी बाटलीही मागून घेतली, दोन्ही मोरीत रिकाम्या केल्या, धुतल्या, दोरा तोडून फेकला आणि कोरड्या बाटल्या काकांना परत दिल्या. त्यांनी त्या खिशात टाकल्या. ठमीला पिशवीत घातलं, पिशवीवर हात फिरवला, आणि सवयीनं म्हणाले, "चल, ठमे." पिशवी गप्प होती.

मला झोप लागेना. पुढच्या रविवारी मी पंचवटीत त्यांचं घर शोधत गेले, पाठीची जखम बघायचं निमित्त काढून. एक खोली आणि स्वयंपाकघर, कोपऱ्यात कापडानं झाकलेलं शिलाई मशीन. आत शिरले तेव्हा काका खोलीच्या मधोमध उभे राहून हाका मारत होते. "ठमे... ए ठमे..." आणि ठमी त्यांच्या पायापासून दोन हातांवर भिंतीला टेकून झोपलेली. मी दारात तशीच उभी राहिले.

मग मी जे करता येईल ते करायला लागले. बहिऱ्या मांजराला कान नसले तरी पायांना कळतं, जमिनीचा धक्का कळतो. मी काकांना सांगितलं, काठी फरशीवर दोनदा आपटा. महिनाभरात ठमी काठीच्या धक्क्यानं उठून यायला शिकली. पण ओ देईना. तिला हाकच ऐकू येत नव्हती, तर ओ कशी देणार? म्हणून मी तिच्या गळ्यात एक घुंगरू बांधलं. काकांना तेवढ्यावर समाधान. गल्लीत ज्याला त्याला सांगायचे, "सरकारी दवाखान्यातल्या बाई सुट्टीच्या दिवशी घरी येऊन बघतात. असं माणूस मिळणार नाही." ते ऐकलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. माझी पोरं, त्यांच्या परीक्षा, यजमानांच्या आठवणी, सगळं मी त्यांच्याशी बोलायची. तेवढं एक सोडून.

दोन वर्षं गेली अशी. मग एका दुपारी दवाखान्यात शेजाऱ्यांचा फोन आला. गल्लीत सामानाचा टेम्पो मागे येत होता आणि ठमी रस्त्याच्या मधे उन्हात बसली होती. मी पोचले तेव्हा टेम्पोवाला घाम पुसत प्रत्येकाला सांगत होता, "हॉर्न वाजवला हो मी, चार वेळा वाजवला, हललीच नाही." काका ओट्यावर बसले होते. माझं पाऊल वाजताच ओळखलं आणि म्हणाले, "घुंगरू थांबलं, बाई." मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली मी आणि शेजारच्या वहिनींनी तिला पुरलं.

आता काकांना नांदगावला न जायला काही कारण उरलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी मी गेले. लेक आत भांडी बांधत होती. मशीन कोणाला तरी देऊन टाकलं होतं, त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग होते. काका पलंगावर आपल्या सदऱ्यांच्या घड्या घालत होते. मी खाली फरशीवरच बसले आणि एका दमात बोलून टाकलं.

"काका, दोरा मी चुकीच्या बाटलीला बांधला होता. जखमेचं औषध तुमच्या हातून कानात गेलं. ठमी माझ्यामुळे बहिरी झाली. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

काकांनी हातातली घडी पूर्ण केली. "माहीत आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी वास आला. बोटालाही तेल लागेना. म्हटलं, दवाखान्यात दाखवलं ते नुसतं शिकवायचं असेल, खरं औषध हे असेल. म्हटलं, दोरा आहे ना! दोरा बाईंनी बांधलाय, आणि बाई म्हणाल्यात शंका काढायची नाही."

मला हुंदका फुटला. "मग साहेबांसमोर का नाही बोललात?"

"तुम्ही 'हो' म्हणालात ना, त्या 'हो'मध्ये जीव नव्हता. डोळे गेल्यावर माणसाला तेवढं कळायला लागतं. म्हटलं, दोन पोरांची आई, नवऱ्याच्या जागेवर लागलेली. मी बोललो असतो तर ठमीचे कान थोडेच परत आले असते?"

म्हणजे दोन वर्षं, दर रविवारी, मी आत यायची, ते मला चहा करायला लावायचे, गल्लीत माझं कौतुक करायचे, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "काका, मला शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा. पण असं बोलू नका."

"तुम्हाला कशाला," ते म्हणाले. "मला एकच गोष्ट खाते, बाई. मला वास आला होता हे सोडा. ठमीनं सांगितलं होतं. पहिला थेंब पडला तशी किंचाळली. जन्मात कधी नख न लावलेली मांजर, टॉवेलातून पंजा काढून तिनं माझा हात फाडला. आणि मी तिला सोडलं नाही. पुन्हा टॉवेलात घेऊन घट्ट धरलं. चारही वेळा. तुम्ही शिकवलं होतं अगदी तसं." आतून लेकीनं विचारलं, "अण्णा, काय झालं?" काका म्हणाले, "काही नाही. बाई भेटायला आल्यात."

दुसऱ्या दिवशी ते नांदगावला गेले. वर्षाच्या आत तिकडेच वारले, असं लेकीच्या पत्रातून कळलं. साहेबांना मी नंतर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं डिंकाची बाटली आणि कागदाच्या पट्ट्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या दवाखान्यातून चिठ्ठीशिवाय एकही बाटली बाहेर गेली नाही. पण काकांना चिठ्ठी वाचता आली नसतीच, हे मला ठाऊक आहे.

आता शेजारपाजारचे कोणी मांजर घेऊन घरी येतात. तेव्हा टॉवेल, कोमट बाटली, कापूस हे मी शिकवते, वर सांगितलं तसंच. आणि ज्या दोन गोष्टी मी काकांना शिकवल्या नाहीत, त्या आधी सांगते. बाटली उघडली की वास घ्या, थेंब बोटावर चोळून बघा, आणि शंका आली तर काढा, दहा वेळा काढा. आणि थेंब आत पडल्यावर मांजर किंचाळलं, तर टॉवेल उघडा आणि त्याला जाऊ द्या. बाटली कोणीही दिलेली असो. मी दिलेली असली तरी.